खमीर, खुमार आणि नबीज

बीअरच्या कारखान्यात तुम्ही काय करत होता, असं मला गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं. एक आमच्या मोहल्ल्यातले हाजीसाहेब, एक शाळेतले सहकारी आणि तिसरी माझी बायको. तिघांना तीन वेगवेगळी उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. शाळेत माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकला. पुढे मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी केलं, दोन वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली आणि आता पुण्याजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत कामाला आहे. मोठ्या कंपनीची बाटलीबंद बीअर नव्हे, तर जागेवरच थोडी थोडी बनवून तिथल्याच गिऱ्हाइकांना ग्लासात ओतून देतात, ती. त्याला 'क्राफ्ट बीअर' म्हणतात. पोरगा हुशार, पाच वेळचा नमाजी नसला तरी जुम्मा न चुकवणारा. स्वतः थेंबभरही पीत नाही. चव घ्यायची वेळ आली की सहकाऱ्याला बोलावतो. स्वतः वास, रंग आणि मोजमापाच्या यंत्रांवर काम निभावतो.

त्याचा प्रश्न होता, "सर, हे काम हराम आहे का?" मी म्हटलं, बाबा, मी भाषेचा मास्तर आहे, मुफ्ती नाही. त्यावर तो म्हणाला, "मुफ्तीसाहेबांना विचारलं. एका वाक्यात उत्तर मिळालं. ते मला आधीच माहीत होतं. तुम्ही मला इतिहास सांगा." मग म्हणाला, "आई माझ्या पगारातून किराणा भरते, लाइटबिल भरते. पण हजसाठी तिनं एक डबा ठेवलाय, त्यात माझा एक रुपया टाकत नाही."

त्या डब्यापायी मी हे सगळं पुन्हा वाचून काढलं. आणि वाचण्याआधी ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, असं वाटलं.

आम्ही गेलो बुधवारी सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी. आत शिरताच जो वास येतो तो दारूचा नाही. तो आपल्या घरचा वास आहे. नाचणीला मोड आणून, सुकवून, भाजून सत्त्व करताना घरभर पसरतो, तसा. कारण प्रक्रिया तीच आहे. जव भिजवायचे, मोड आणायचे, सुकवायचे, हे झालं माल्ट. ते भरडून साधारण ६५ अंशांच्या कोमट-गरम पाण्यात तासभर मुरवलं की धान्यातल्या पिठूळपणाची साखर होते. गाळून जे गोड पाणी उरतं त्याला 'वर्ट' म्हणतात. मग ते तासभर उकळायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं टाकायची, थंड करायचं आणि शेवटी यीस्ट, म्हणजे खमीर, सोडायचं. पुढचं काम खमीर करतं. उरलेला चोथा जवळच्या गोठ्यात जातो. म्हशींना तो फार आवडतो म्हणे.

त्यानं मला स्टीलच्या पेल्यात वर्ट दिला. "सर, हे घ्या. यात अजून काहीच झालेलं नाही." मी बिस्मिल्लाह म्हणून प्यालो. गोड, किंचित करपट. दुधाशिवायचा बोर्नव्हिटा म्हणा ना. पेला अर्धा झाल्यावर तो म्हणाला, "हेच टाकीत गेलं की तीन दिवसांनी तुम्ही हात लावणार नाही." हे वाक्य तो सहज बोलला होता. पण तेराशे वर्षांपूर्वीचा सगळा वाद याच वाक्यावर झालेला आहे. त्याकडे येतोच.

शेजारीच चव घ्यायची खोली होती. लांब लाकडी बाक, भिंतीवर फळा, आणि सहा खाचांच्या लाकडी पट्टीत सहा इवलेसे ग्लास. नवं गिऱ्हाईक आलं की आधी ही पट्टी समोर ठेवतात. सहाही प्रकार घोट-घोट घ्यायचे आणि आवडेल त्याचा मोठा ग्लास मागवायचा. त्या दिवशी दोन कर्मचारी नव्या मालाची चव घेत होते आणि माझा विद्यार्थी वहीत लिहीत होता. मी बाजूला बसून वास घेतला. गव्हाच्या बीअरला चक्क पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं नाही, लवंग नाही. हा सगळा त्या विशिष्ट खमिराचा खेळ. काळ्या बीअरला जळक्या कॉफीचा वास येतो, तो करपवलेल्या जवामुळे. आणि एकीचा वास संत्र्याच्या सालीसारखा, कडवट. फळ्यावर तिचं नाव होतं 'इंडिया पेल एल'.

या नावात आपला देश कसा आला? लंडनला ली नदीकाठी बो भागात जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे उभी राहत, तिथून ती जवळ पडायची. जहाजाचे कप्तान त्याच्याकडून पिंपं उधारीवर उचलत आणि मुंबई-कलकत्त्यात विकत. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. जास्त हॉप्स घातलेली फिकी बीअर त्यात टिकायची आणि मुरायचीही. १८२०नंतर बर्टन गावच्या ऑलसॉपनं हा बाजार हॉजसनकडून ओढून घेतला. गोऱ्या साहेबांसाठी ही फिकी बीअर. साध्या सोजिरांच्या वाट्याला मात्र मुख्यतः काळी पोर्टर यायची. आज ज्या कडू बीअरवर पुण्या-मुंबईतली पोरं चर्चा करतात, तिचं नाव साहेबांच्या जेवणाच्या टेबलावरून आलेलं आहे.

इथे एक आडवळण घेतो, कारण भाषेच्या मास्तरला ते सोडवत नाही. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या पहिल्या छोट्या ब्रुअरीचं नाव 'डूलाली'. इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. तिथे १८६१ साली फौजेची छावणी झाली. नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे. काम नाही, उकाडा, दारू आणि हिवताप. मूळ इंग्रजी प्रयोग 'डूलाली टॅप' असा आहे. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला उर्दूचा 'तप', ताप. मराठी गाव आणि उर्दू ताप एकत्र होऊन लंडनच्या गल्लीत पोचले. उर्दू-मराठीचा असा जोडशब्द मला वर्गात शिकवायला मिळत नाही, याचं दुःख आहे.

शब्दांचंच चाललंय तर मुद्द्याचे शब्दही पाहून घेऊ. अरबीत ख-म-र या धातूचा अर्थ झाकणं. बुद्धीवर पडदा टाकते ती 'खम्र'. डोकं झाकतो तो 'खिमार', म्हणजे ओढणी. पीठ झाकून ठेवून फुगवतं ते 'खमीर'. उतरलेल्या नशेचा जडपणा तो 'खुमार', आणि मराठीनं त्याची केली 'खुमारी', तीही चांगल्या अर्थानं. 'शराब' या शब्दाचा अरबी अर्थ नुसता 'पेय' असा आहे. 'शरबत' त्याचाच सख्खा भाऊ. 'दारू' ही फारसीत औषध असते, म्हणून आपण 'दवादारू' म्हणतो. मराठीत तिनं बंदुकीचाही संसार थाटला. आणि 'अल्कोहोल' म्हणजे 'अल्-कुह्ल', डोळ्यांत घालायचा सुरमा. बारीक केलेली पूड, मग कुठल्याही वस्तूचा बारीक अर्क, असं करत करत सोळाव्या शतकातल्या युरोपात तो शब्द मद्यार्काला चिकटला. सुरमा लावून मशिदीत जाणाऱ्या आमच्या बुजुर्गांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयानं पाहतात.

उरला 'नबीज'. धातू न-ब-ज, अर्थ टाकणं. खजूर किंवा मनुके पाण्यात टाकून ठेवायचे, पाणी गोड झालं की प्यायचं. मदिनेचं पाणी खारट, त्यामुळे हे रोजचं पेय. हदीसच्या ग्रंथांत स्पष्ट नोंद आहे की प्रेषित मुहंमद (स.) यांच्यासाठी रात्री खजूर भिजत घालत आणि ते सकाळी घेत, फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत. त्यानंतर उरलेलं ओतून देत. म्हणजे वस्तू तीच, पाणी तेच, खजूर तेच. फरक दिवसांचा.

आणि फरक भांड्याचाही. बहरीनकडच्या अब्दुल कैस कबिल्याचे लोक भेटीला आले तेव्हा त्यांना चार प्रकारच्या भांड्यांत नबीज करू नका असं सांगितलं गेलं. दुधी भोपळ्याचं भांडं, हिरवट मातीची घागर, खजुराचा कोरलेला बुंधा आणि डांबर लावलेलं भांडं. या भांड्यांना हवा लागत नाही, आत आंबणं वेगानं होतं आणि बाहेरून कळत नाही. चामड्याची पखाल मात्र फुगते, ताणते, सांगते. पुढे ही बंदी उठवली गेली. भांडं कुठलंही वापरा पण नशा आणणारं पिऊ नका, एवढंच राहिलं. ब्रुअरीतल्या बंद टाकीला लावलेला दाबमापक पाहताना मला ती पखाल आठवली.

धान्याच्या दारूबद्दलही मोघमपणा नव्हता. यमनला निघालेल्या अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी विचारलं होतं की तिकडे मधाची 'बित्अ' आणि जवाची 'मिज्र' पितात, त्यांचं काय? उत्तर मिळालं, नशा आणणारी प्रत्येक गोष्ट हराम. मिज्र म्हणजे बीअरच. हजरत उमर (रजि.) यांनी तर खुत्ब्यात पाच वस्तू मोजल्या: द्राक्षं, खजूर, मध, गहू, जव, आणि बुद्धी झाकते ती खम्र अशी व्याख्या केली. इतकं सगळं स्वच्छ असताना वाद व्हायचं कारण काय?

कारण कूफा शहर. इराकच्या या छावणी-शहरापासून बाबिलोनचे अवशेष फार लांब नाहीत. जगातली सगळ्यात जुनी बीअरसंस्कृती याच मातीतली. सुमेरी लोकांची निनकासी नावाची बीअरची देवी होती आणि तिच्या स्तोत्रात जवाची दारू करायची कृतीच दिलेली आहे. त्याच्या विटा सुमारे ३८०० वर्षं जुन्या. हम्मुराबीच्या कायद्यात मद्य विकणाऱ्या बायकांनी मापात पाप केलं तर काय शिक्षा, हे लिहिलंय. अशा मुलखात मुसलमान झालेल्या लोकांच्या घरात शेकडो वर्षांच्या आंबवण्याच्या सवयी होत्या. शिवाय कूफ्यात स्थायिक झालेल्या काही सहाबांनी तीव्र नबीज घेतल्याच्या रिवायती तिथल्या लोकांजवळ होत्या.

इमाम अबू हनिफा (मृत्यू ७६७) या शहरातले. त्यांनी असा भेद केला की कुरआनमधली 'खम्र' म्हणजे द्राक्षाच्या कच्च्या रसाची दारू; तिचा थेंबही हराम, तीत 'थोडी' आणि 'फार' असा फरक नाही. गहू, जव, ज्वारी-बाजरी, मध यांच्या पेयांत मात्र नशा चढवणारा पेला हराम; त्याच्या आधीचा, ताकदीसाठी घेतलेला, नाही. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ त्यांच्या बाजूनं. दुसरे शिष्य इमाम मुहंमद शैबानी उलट बाजूनं: ज्याचं फार प्यायल्यानं नशा येते त्याचं थोडंही हराम. मालिक, शाफई, अहमद बिन हंबल हे तिन्ही इमाम याच मताचे.

मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. हनफी परंपरेत इमामसाहेबांचं म्हणणं असं सांगितलं जातं की सारी दुनिया दिली तरी मी नबीजला हराम म्हणणार नाही, कारण मग काही सहाबांना मी पापी ठरवल्यासारखं होईल. आणि सारी दुनिया दिली तरी मी तिचा थेंब पिणार नाही, कारण मला तिची गरज नाही. स्वतः न पिणारा माणूस दुसऱ्याच्या पिण्याला हराम ठरवताना अडखळतो आहे. आमच्याकडे हल्ली उलटं दिसतं.

कूफ्याचेच वकी बिन जर्राह हे हदीसचे मोठे उस्ताद. ते कूफ्याच्या रिवाजाप्रमाणे नबीज घेत. अहमद बिन हंबल यांचं मत पूर्ण विरुद्ध. त्यांनी तर पेयांच्या निषिद्धतेवर स्वतंत्र किताब रचली. पण वकींबद्दल त्यांचा आदर तसूभर कमी झाला नाही, त्यांच्याकडून घेतलेल्या हदीस त्यांनी टाकून दिल्या नाहीत. नवव्या शतकात इब्न कुतैबा यांनी या वादावर अख्खं पुस्तक लिहिलं, दोन्ही पक्षांचे पुरावे मांडून. जाहिजनेही लिहिलं. आज समाजमाध्यमावर कुणी 'नबीज' एवढा शब्द लिहिला तरी एक गट त्याला मुनाफिक म्हणतो, आणि दुसरा गट 'बघा, तुमच्याकडे पण चालायचं' म्हणून टाळ्या पिटतो. दोघांनाही इब्न कुतैबा वाचायचे नसतात.

पुढे हनफींनीच हा भेद सोडला. तुर्कस्तानापासून हिंदुस्थानापर्यंतच्या आलिमांनी फतवा इमाम मुहंमद यांच्या मतावर दिला. कारण त्यांनी लपवलं नाही: लोक ताकदीचं नाव सांगून मैफली जमवू लागले. औरंगजेबाच्या काळातल्या 'फतावा-ए-आलमगिरी'तही हेच मत चालतं. तेव्हा मुफ्तीसाहेबांनी माझ्या विद्यार्थ्याला दिलेलं एका वाक्याचं उत्तर बरोबरच आहे. फक्त त्या वाक्यापर्यंत पोचायला आपल्या लोकांना काही शतकं लागली.

या लांब रस्त्यावर इब्न बतूता भेटतो. चौदाव्या शतकात तो तुर्कांच्या गवताळ मुलखातून जात होता. एका बैठकीत लाकडी वाडग्यांतून पांढरं पेय फिरलं. हा पंथानं मालिकी, म्हणजे या बाबतीत कडक. काय आहे ते नीट कळलं नाही, म्हणून त्यानं चाखलं. आंबट लागलं, ठेवून दिलं. बाहेर आल्यावर विचारलं तेव्हा समजलं की हे धान्याचं नबीज, नाव 'बूजा', आणि इथले लोक हनफी असल्यानं त्यांना ते चालतं. हे तो कपाळाला आठ्या न घालता लिहून ठेवतो आणि पुढच्या गावाला निघतो. पुढे हाच माणूस दिल्लीत काझी झाला आणि आपल्या नंदुरबार-दौलताबादवरून गेला. ती बूजा उस्मानी इस्तंबूलमध्ये 'बोझा' म्हणून नांदली; सतराव्या शतकात एवलिया चेलेबीनं तिच्या दुकानांचं वर्णन केलंय. गोड, जवळजवळ नशा नसलेली बोझा वेगळी आणि आंबट, चढणारी वेगळी. आजही इस्तंबूलच्या वेफा भागात १८७६ सालचं एक दुकान गोड बोझा विकतं, वर दालचिनी आणि भाजके चणे टाकून. आपल्या आंबिलीची चुलत बहीणच ती.

बगदादच्या स्वयंपाकघरात 'फुक्का' होता. दहाव्या शतकातल्या इब्न सय्यार अल्-वर्राकच्या पाकग्रंथात त्याच्या कृती आहेत: धान्य किंवा पाव, पुदिना, मसाले, तोंड बांधलेल्या बाटल्या. नाव बुडबुड्यांवरून पडलेलं. बहुतेक सुन्नी फकिहांना तो चालायचा, कारण तो चढण्याआधीच संपवला जायचा. शिया परंपरेत मात्र तो सरळ निषिद्ध. कैरोच्या फातिमी खलिफा हाकिमनं त्याच्यावर बंदी घातली आणि त्याच हुकुमांच्या ओघात मुलुखिया नावाच्या पालेभाजीवर आणि खवले नसलेल्या मासळीवरही घातली. बंदी घालायची सवय लागली की ती भाजीपर्यंत पोचते.

बादशहांबद्दल मी फार लिहिणार नाही; त्यांचं पिणं आमच्या अंगावर नेहमीच फेकलं जातं. अलाउद्दीन खिलजीनं दिल्लीत बंदी केली, स्वतःचे घडे बदायूं दरवाजापाशी फोडले, आणि बरनी लिहितो की पावसाळ्यासारखा चिखल झाला. पण लोक गवताच्या भाऱ्यांतून, पखालींतून दारू आणतच राहिले आणि सुलतानाला घरातल्या घरात पिण्याकडे डोळेझाक करावी लागली. बाबरनं १५२७ साली खानव्याच्या लढाईआधी सोन्या-चांदीचे पेले मोडून गरिबांत वाटले. जहांगीरनं तख्तावर बसताच दारू बनवण्या-विकण्याला मनाई करणारं फर्मान काढलं आणि त्याच आत्मचरित्रात आपण दिवसाला किती पेले घेतो तेही लिहिलं. ढोंग आहेच. पण आपल्या राज्यकर्त्यांच्या लिखाणात इतकं कबुलीजबाबाचं ढोंग क्वचितच सापडतं.

माझ्या विद्यार्थ्याचा खरा प्रश्न पिण्याचा नव्हता, मजुरीचा होता. हदीसमध्ये दारूसंबंधी दहा जणांवर लानत आहे. गाळणारा, गाळून घेणारा, वाहून नेणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, सगळे त्यात आले. यापुढे बोलायला जागाच नाही असं वाटतं. तरीही बाराव्या शतकात फरगाण्याच्या मरगिनानी यांनी लिहिलेल्या 'हिदाया'त एक मसला आहे. गैरमुस्लिमाची दारू वाहून नेण्याची मजुरी मुसलमान हमालानं घ्यावी का? अबू हनिफांचं उत्तर: मजुरी जायज, कारण मजुरी ओझं वाहण्याची आहे, आणि पिणं हे पिणाऱ्याचं स्वतःचं कृत्य. अबू यूसुफ आणि मुहंमद यांचं उत्तर: मकरूह, नापसंत, कारण लानत वाहणाऱ्यावरही आहे. द्राक्षाचा रस दारू करणाऱ्याला विकावा का, यावरही असेच दोन तट.

हे मी त्याला वाचून दाखवलं. हेही सांगितलं की हमाल पिंप वाहतो आणि तू पिंपात काय आहे ते घडवतोस, तेव्हा हा मसला जसाच्या तसा तुला लागू होत नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण सर, हमालाचं घर चालतं कसं, हा प्रश्न त्यांनी धरला होता ना?" हो, धरला होता. आई आणि तिच्या डब्याबद्दल आम्ही पुढे बोललो नाही. ती बाई चुकते आहे असं मला वाटत नाही. किराणा घेऊन ती मुलाला सांभाळते आणि डबा वेगळा ठेवून स्वतःला. अबू हनिफा आणि मुहंमद शैबानी दोघेही तिच्या एकाच स्वयंपाकघरात नांदतात.

याच 'हिदाया'चं इंग्रजी भाषांतर चार्ल्स हॅमिल्टननं १७९१ साली छापलं, वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून सुरू झालेलं. इंग्रजांच्या कोर्टात मुसलमानांचा वारसा, निकाह, हिबा त्यावरून ठरू लागला. दारूच्या प्रकरणाशी मात्र सरकारला काही देणं-घेणं नव्हतं. दारूबाबत सरकारचा ग्रंथ वेगळा होता, जमाखर्चाचा.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. ('अबकारी' म्हणजे 'आबकारी', आब म्हणजे पाणी. फारसी शब्द सरकारच्या तिजोरीत गेला.) ताडी काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसला. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून मध्यवर्ती भट्ट्यांतून, ठेकेदारांमार्फत दारू विकायची पद्धत आली. भंडाऱ्याचं वंशपरंपरागत काम परवान्याचं झालं. आदिवासी ज्या मोहाच्या फुलांवर दुष्काळ काढत, ती ठाणे-कुलाब्याकडे घरात बाळगण्यावरही १८९२ साली निर्बंध आले, कारण त्या फुलांची दारू होऊ शकते. फूल, पाणी आणि दिवस. पुन्हा तेच गणित. मदिनेत ते तिसऱ्या दिवशी ओतून देत. इथे पहिल्याच दिवशी फौजदार यायचा. कारण धर्माचं नव्हतं, महसुलाचं होतं.

मग काँग्रेसचं सरकार आलं आणि १ ऑगस्ट १९३९ला मुंबई शहरात दारूबंदी झाली. मंत्री होते डॉ. गिल्डर, पारशी. बुडणारा महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तेवर कर लावला गेला. त्याला घरमालकांनी कडाडून विरोध केला. त्यांत मुसलमान घरमालकही होते. दारूबंदी मान्य, कर नामंजूर. यातली गंमत तेव्हाच्या लोकांना जाणवली असेलच.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बलसारा नावाच्या गृहस्थांनी त्याला आव्हान दिलं आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा बहुतांशी उचलून धरला. पण अल्कोहोल असलेली औषधं आणि कोलन वॉटरसारख्या प्रसाधनांवरची बंदी रद्द केली. अल्कोहोलवालं अत्तर लावून नमाज होते का, हा प्रश्न आमच्याकडे अजून चालू आहे. सर्वोच्च न्यायालयानं आपल्यापुरता तो त्याच वर्षी मिटवला.

तो कायदा गेलेला नाही. नाव बदलून 'महाराष्ट्र' झालं, वर्धा आणि गडचिरोलीत संपूर्ण बंदी आहे आणि बाकी राज्यात पिणाऱ्याला परवाना लागतो. म्हणून तर आपल्याकडे बारला 'परमिट रूम' म्हणतात. बीअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. त्या चव घेण्याच्या खोलीत, सहा खाचांच्या पट्टीमागच्या भिंतीवर या वयाची पाटी होती आणि गल्ल्याशेजारी एका दिवसाच्या परवान्यांचा गठ्ठा. माझ्या विद्यार्थ्यानं एक परवाना मला दाखवला. किंमत पाच रुपये. परवान्याचं कारण छापील होतं, प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी.